दोन लेपर्ड गेको एकाच टाकीत ठेवावेत का?



आजचा विषय लेपर्ड गेको. हा प्राणी पाळणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो, फक्त शब्द बदलतात. "आमचा गेको एकटाच असतो, दिवसभर पडून राहतो, त्याला जोडीदार आणू का?" किंवा "दुकानदाराने दोन दिले, म्हणाला भावंडं आहेत, एकत्रच ठेवा. चालेल ना?" किंवा "दोघं एकमेकांच्या अंगावर झोपतात, किती प्रेम आहे बघा!"

उत्तर आधीच सांगून टाकतो. एक गेको, एक टाकी. घरी पहिल्यांदा पाळणाऱ्यासाठी हाच नियम धरून चाला. आता तुम्ही म्हणाल, मग इंटरनेटवर एका टाकीत तीन-तीन, चार-चार दिसतात ते कसे? दिसतात, खरं आहे. पण त्यातला कमजोर प्राणी पुढे सहा महिन्यांनी कसा असतो, ते त्या चित्रात दिसत नाही. आज आपण त्या कमजोर प्राण्याबद्दलच बोलणार आहोत. कारण एकत्र ठेवल्याचा त्रास बहुतेक वेळा मारामारीने होत नाही, तो हळूहळू होतो आणि आपल्या लक्षात उशिरा येतो.

हा प्राणी मुळात कसा जगतो

लेपर्ड गेकोचं शास्त्रीय नाव युब्लेफारिस मॅक्युलॅरियस. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग, इथल्या कोरड्या, खडकाळ मुलखातला हा प्राणी. १८५४ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हे ब्लाइथ कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचं काम पाहत असत.

आपल्या भिंतीवरच्या पालीपेक्षा हा बराच वेगळा. याला पापण्या असतात, तो डोळे मिटू शकतो. बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, म्हणून काचेवर चढता येत नाही. शेपटी जाड असते आणि तिच्यात चरबी साठवलेली असते. उपासमारीच्या दिवसांत तीच त्याची शिदोरी. पूर्ण वाढलेला गेको साधारण १८ ते २५ सेंटीमीटर लांब आणि ५० ते ८० ग्रॅम वजनाचा असतो. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. म्हणजे आज पाचवीतल्या मुलासाठी आणलेला गेको ते मूल नोकरीला लागेपर्यंत घरात असणार आहे.

याची भावंडं आपल्याकडच्या रानातही आहेत. महाराष्ट्र-गुजरातेत युब्लेफारिस फस्कस, पूर्व भारतात युब्लेफारिस हार्डविकी, आणि सातपुड्यातली युब्लेफारिस सातपुडाएन्सिस, जिची नवी जात म्हणून नोंद २०१४ मध्ये झाली. खेड्यापाड्यांत लोक यांना विषारी समजून मारतात. यांच्यात विष अजिबात नसतं. तेव्हा मारू नका, आणि "फुकट मिळाला" म्हणून रानातून उचलून घरीही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा त्यासाठीच आहे. पाळायचाच असेल तर कुणाच्या घरी किंवा केंद्रात जन्मलेलाच घ्या, आणि घेण्याआधी नियम वनविभागाकडून समजून घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. हा कळपात राहणारा प्राणी नाही. पोपटाला सोबत लागते, सशाला लागते, तशी याला लागत नाही. एकटेपणाने तो झुरत नाही. दिवसभर पडून राहतो तो कंटाळ्यामुळे नव्हे. त्याची वेळच संध्याकाळची आणि रात्रीची आहे.

"पण रानात तर एका कपारीत दोन-तीन सापडतात!" हो, सापडतात. चांगली कपार, ऊब, ओलावा जिथे असेल तिथे ते जवळजवळ येतात. पण तिथे दुसऱ्याने दमदाटी केली तर कमजोर प्राणी उठून पलीकडच्या दगडाखाली जातो. तुमच्या तीन फुटी टाकीत पलीकडचा दगड नाही. जिकडे जाईल तिकडे तोच दुसरा, आणि त्याचाच वास.

हे समजायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटकडे बघा. तिथे दोन पाली आल्या की मोठी पाल धाकटीला हुसकावते. धाकटी कपाटामागे जाते, दिव्याजवळचे किडे मोठीला मिळतात. तिथे कपाट आहे, खिडकी आहे, शेजारची खोली आहे. आता त्याच दोन पाली एका काचेच्या पेटीत घाला आणि दिवा एकच ठेवा. पुढे काय होईल ते सांगायला नको.

कोण कोणाबरोबर?

एकेक जोडी घेऊन बोलू.

*दोन नर.* कधीही नाही, टाकी कितीही मोठी असली तरी. वयात आलेले नर एकमेकांना जागेचे वैरी समजतात. चावे मानेला, पोटाला, पायांना बसतात, शेपटी तुटते, प्रसंगी जीवही जातो. लहानपणापासून एकत्र वाढलेले भाऊ असले तरी हेच. वयात येईपर्यंत शांत राहतील आणि मग एखाद्या रात्री भांडतील, आणि त्या रात्री तुम्ही झोपलेले असाल.

*नर आणि मादी.* पाहुण्यांना दाखवायला छान, मादीसाठी वाईट. नर सतत मागे लागतो, मान पकडतो. मादी एका खेपेला साधारण दोन अंडी घालते आणि एका हंगामात अशा अनेक खेपा होऊ शकतात. नराचं बीज ती शरीरात साठवून ठेवू शकते, त्यामुळे एकदा समागम झाला तरी पुढच्या काही खेपा फळतात. प्रत्येक अंड्यासाठी कॅल्शियम तिच्याच अंगातून जातं. ते भरून निघालं नाही तर हाडं मऊ पडतात, अंडी पोटात अडकू शकतात. अनुभवी पैदास करणारेसुद्धा जोडी थोडा वेळ एकत्र ठेवतात आणि मग वेगळी करतात.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती धोक्याची आहे. हा नर समोरचा प्राणी नर आहे की मादी, हे बहुतांशी कातडीवरच्या वासाच्या रसायनांवरून ओळखतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या मादीशी नर एरवी प्रणय करत होता, तिच्यावरच ती कात टाकत असताना त्याने हल्ला केला. कात टाकून झाल्यावर पुन्हा प्रणय. म्हणजे "आमची जोडी दोन वर्षं गुण्यागोविंदाने राहते आहे" याला फारसा अर्थ नाही. गेकोची कात नियमित निघते, आणि त्या काळात ओळखच बदलू शकते.

*दोन माद्या.* एकत्र ठेवण्याची चर्चा जर कुठे होऊ शकत असेल तर ती इथेच. पण माद्याही सगळ्या सारख्या नसतात. या जातीत नर होणार की मादी, हे अंडं किती तापमानाला उबवलं यावर ठरतं. २६ अंश सेल्सिअसच्या आसपास जवळपास सगळ्या माद्या निघतात, ३२.५ अंशांच्या आसपास बहुतेक नर. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. त्यात असं दिसलं की ज्या तापमानाला नर जास्त निघतात त्या तापमानाला जन्मलेल्या माद्या, कमी तापमानाच्या माद्यांपेक्षा जास्त आक्रमक असतात. तुमच्या मादीचं अंडं कोणत्या तापमानाला उबवलं, हे दुकानदाराला ठाऊक असेल का? क्वचितच.

शिवाय "दोन माद्या" हे तरी नक्की आहे का? नराला शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे असतात आणि त्यांच्या पुढे व्ही आकारात ठळक छिद्रांची रांग असते. पण पाच-सहा महिन्यांच्या आत हे भरवशाने सांगता येत नाही. बोटभर पिल्लू हातात देऊन "मादीच आहे साहेब" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर टाकी मांडू नका.

*लहान आणि मोठा.* हेही नाही. मोठ्याच्या तोंडात मावेल ते त्याला खाणं वाटू शकतं. आणि एकाच घाणीची पिल्लंसुद्धा खाण्याच्या गर्दीत एकमेकांची बोटं आणि शेपट्या चावतात.

शांत दिसणं म्हणजे सुखात असणं नव्हे

आता त्या एकमेकांच्या अंगावर झोपलेल्या गेकोंकडे येऊ. बहुतेक वेळा तिथे काय चाललेलं असतं? टाकीत ऊब एकाच ठिकाणी असते. अन्न पचवायला दोघांनाही तीच ऊब हवी असते. वरचा प्राणी खालच्याची जागा अडवतो आहे. आपल्याला ते मायेने बिलगणं वाटतं, कारण आपण माणसं तसं करतो.

पहिलं लक्षण म्हणजे एकाची जागा ठरून जाणं. एक सतत गरम बाजूला, दुसरा सतत थंड कोपऱ्यात. थंड कोपऱ्यातल्याला अन्न नीट पचत नाही, मग तो खाणं कमी करतो. किडे टाकले की एक झेपावतो, दुसरा बघत बसतो. शेपटी बारीक होत जाते. कात अर्धवट निघते, बोटांना चिकटून राहते. एखादा दुसऱ्याला पाहून शेपटी उंच करून सावकाश नागमोडी हलवत असेल तर तो इशारा आहे, खेळ नव्हे. बोटाचं टोक गायब, शेपटीवर ओरखडा, मानेवर खरचटलेलं, हे सगळं रात्रीच्या मारामारीचं.

यातलं निम्मं डोळ्यांना उशिरा दिसतं. म्हणून एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. काट्यावर डबा ठेवून शून्य करा, गेको डब्यात ठेवा, आकडा वहीत लिहा. दर आठवड्याला एकदा, शक्यतो खाण्याआधी.

उदाहरण घ्या. समजा दोन माद्या आहेत, एक ६२ ग्रॅमची, दुसरी ४८ ग्रॅमची. महिन्याभराने पहिली ६६ झाली, दुसरी ४३. नुसतं बघणाऱ्याला दोघी ठीक वाटतील, कुणाच्या अंगावर जखम नाही. पण ४८ वरून ४३ म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घट. माणसाच्या हिशेबात साठ किलोचा माणूस महिन्यात चौपन्नवर येण्यासारखं आहे ते. दहा टक्के घट दिसली की वाट बघू नका. त्याच दिवशी वेगळं करा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना दाखवा.

आजार एकाचा राहत नाही

दुसरा गेको आणताना आणखी एक पाहुणा सोबत येऊ शकतो. क्रिप्टोस्पोरिडियम व्हरानी नावाचा एक सूक्ष्म परजीवी आतड्यात राहतो. गेको खातो तरी वाळत जातो, जुलाब होतात, शेपटीची काडी होते. याच्यावर खात्रीचा इलाज नाही. विष्ठेतून तो पसरतो आणि नेहमीच्या जंतुनाशकांना, अगदी घरच्या ब्लीचलाही, सहज दाद देत नाही. दोघांची टाकी एक, पाण्याची वाटी एक, तर दोघंही गेले असं समजा.

म्हणून नवा गेको पहिले ९० दिवस दुसऱ्या खोलीत, वेगळ्या टाकीत. चिमटा वेगळा, वाटी वेगळी. आधी जुन्याचं काम उरकायचं, मग नव्याचं, आणि हात साबणाने स्वच्छ धुवायचे. खाली वाळूऐवजी टिश्यू पेपर घाला, म्हणजे विष्ठा दिसेल. या काळात पशुवैद्यांकडून विष्ठेची तपासणी करून घ्या आणि क्रिप्टोसाठी वेगळी चाचणी होईल का ते विचारा. मोठ्या शहरांपासून दूर असाल तर नमुना कुठे पाठवायचा हे आधीच ठरवून ठेवा.

दोन माद्या ठेवायच्याच असतील तर

एवढं ऐकूनही काही जण ठेवतीलच, हे मला माहीत आहे. मग निदान या अटी पाळा. यातली एक जरी जमत नसेल तरी ठेवू नका.

• दोघी पूर्ण वाढलेल्या, मादीच असल्याची खात्री झालेल्या, वजनात फार फरक नसलेल्या असाव्यात. दोघींचे ९० दिवस वेगळे काढून झालेले असावेत.

• टाकीची लांबी किमान १२० सेंटीमीटर, रुंदी ६०. एकट्या गेकोला साधारण ९० बाय ४५ सेंटीमीटर चांगली. उंचीपेक्षा जमीन महत्त्वाची, कारण हा जमिनीवरचा प्राणी आहे.

• ऊब एका ठिकाणी नको, दोन ठिकाणी हवी, एकमेकांपासून लांब. गरम जागेचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २४ ते २६ अंश. प्रत्येक हीट मॅटला थर्मोस्टॅट लावलाच पाहिजे, नाहीतर पोट भाजतं.

• लपायच्या जागा प्रत्येकीला तीन: एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, एक कात निघण्यासाठी ओलसर. म्हणजे दोघींना सहा. मध्ये दगड, सालीचे तुकडे अशी आडोशाची मांडणी, म्हणजे दोघी सतत एकमेकींना दिसणार नाहीत.

• खायला देताना वेगळ्या डब्यात किंवा चिमट्याने वेगवेगळं द्या. झुरळं, रातकिडे मोकळे सोडलेत तर मोठी खाईल आणि वर उरलेले किडे रात्री धाकटीला चावतील.

• दर आठवड्याला दोघींचं वजन.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरी टाकी पहिल्या दिवसापासून तयार. ऊब, लपण, पाणी सगळ्यासकट, नुसती माळ्यावर पडलेली नव्हे. भांडण रविवारी रात्री अकरा वाजता होतं, तेव्हा दुकानं बंद असतात.

आता या यादीचा हिशेब करा. मोठी टाकी, दोन ऊब, सहा लपणं, आणि वर एक पूर्ण सुटी टाकी. यापेक्षा पहिल्यापासून दोन वेगळ्या टाक्या स्वस्त पडतात, आणि काळजीही मिटते.

काही जण विचारतात, टाकीत मधोमध पार्टिशन घातलं तर? ते अपारदर्शक हवं, वरपर्यंत घट्ट हवं, आणि दोन्ही बाजूंना स्वतःची गरम आणि थंड जागा मिळेल एवढी टाकी लांब हवी. तीन फुटांच्या टाकीचे दोन भाग केले तर दोघांनाही नीट थंड कोपरा मिळत नाही. नागपूर, हैदराबाद किंवा दिल्लीच्या मे महिन्यात तर मुळीच नाही.

तुमच्याकडे आत्ता दोन एकत्र असतील तर

घाबरू नका, पण उद्यावरही ढकलू नका. हा भाग वाचून झाला की वेगळे करा.

झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा चालेल, साधारण ६० सेंटीमीटर लांबीचा. बाजूंना हवेसाठी भोकं पाडा. खाली टिश्यू पेपर, पाण्याची उथळ वाटी, दोन लपणं. आइस्क्रीमचा रिकामा डबा उलटा करून दार कापलं तरी पुरतं. एका ओलसर लपणात भिजवून पिळलेला टिश्यू ठेवा. एका टोकाला थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट. काही महिने यात काढता येतात, तोवर नीट टाकीची सोय होते.

कोणाला हलवायचं? जो दांडगा आहे त्याला. कमजोराला ओळखीच्या जागेत राहू द्या, फक्त लपणं धुऊन घ्या, म्हणजे दुसऱ्याचा वास कमी होईल.

चावा बसला असेल तर पोव्हिडोन आयोडिन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करा आणि त्याने जखम हलके पुसा. हळद लावू नका. आपल्या घरात हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो, पण भुकटी जखमेत चिकटून राहते. खोल जखम, सूज किंवा डोळ्याजवळचा चावा असेल तर सरळ पशुवैद्यांकडे. शेपटी तुटली असेल तर रक्त सहसा फार जात नाही. टिश्यूवर ठेवा, जागा स्वच्छ ठेवा, खाणं आणि कॅल्शियम नियमित द्या. शेपटी पुन्हा येते, आखूड आणि गुळगुळीत येते. तोवर त्याची साठवलेली शिदोरी गेलेली असते, म्हणून वजनावर लक्ष.

आणि वेगळे केल्यावर "एकमेकांची आठवण येत असेल" असं मनात आणू नका. पुढचे चार आठवडे वहीत वजन लिहा. थंड कोपऱ्यात बसणारा प्राणी गरम लपणात झोपायला लागला, किड्यावर स्वतःहून झेपावला, शेपटी भरायला लागली, की तुम्हाला तुमचं उत्तर मिळेल.

घरातल्या मुलांना हे समजावणं कधीकधी अवघड जातं, त्यांना जोडी हवी असते. त्यांच्या हातात वजनाची वही द्या. दर रविवारी काटा, आकडा, तारीख. दोन गेको हवेच असतील तर दोन टाक्या शेजारी शेजारी ठेवा, मध्ये एक पुठ्ठा लावा. पाहायला दोन मिळतात, आणि दोघंही पोटभर खातात.

पुढच्या भागात कॅल्शियम आणि डी-३ पावडर किती, कशी आणि कधी द्यायची ते बघू. तोवर काळजी घ्या, नमस्कार.